परागनलिकेतले कॅल्शियम : शोधाची पार्श्वभूमी

१८२४ च्या सुमारास इटलीचे जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची घोळीच्या फुलाची कुक्षी (परागकण जिथे चिकटतात ते स्त्रीकेसराचे टोक) सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. त्यांना बघायचे होते कुक्षीवरच्या केसांतले जीवद्रव्याचे (पेशीतल्या प्रवाही पदार्थाचे) वाहणे. दिसले भलतेच: केसाला चिकटलेल्या परागकणातून एक बारीक नळी बाहेर आली. परागनलिकेची ही पहिली नोंद. या नळीतून पुंयुग्मके (नर प्रजननपेशी) बीजांडात, म्हणजे पुढे बी होणाऱ्या भागात, जातात, हे पुढे कळत गेले. पण ती वाढते कशाच्या बळावर आणि तिला वाट कोण दाखवते, हे प्रश्न तसेच राहिले.

कॅल्शियम पुढे आले ते प्रयोगशाळेतल्या एका जुन्या कटकटीमुळे. साखरेच्या द्रावणात परागकण दाटीने टाकले की छान रुजत, म्हणजे त्यांतून नलिका निघत. मोजकेच टाकले की ढिम्म. गर्दीत ते एकमेकांना असे काय देत असावेत? ब्रुबेकर आणि क्वॅक या संशोधकांनी १९६३ मध्ये उत्तर दिले: कॅल्शियम. ते द्रावणात घातले की विरळ कणही रुजू लागले. दहा टक्के साखर, बोरिक आम्ल, कॅल्शियम नायट्रेट, शिवाय थोडे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, असे त्यांचे द्रावण आजही वापरात आहे.

त्याच सुमारास मास्करेन्हास आणि मॅक्लिस या संशोधकांना स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या परागनलिका कॅल्शियमच्या दिशेने वळताना दिसल्या. वाटाड्या सापडला, असे वाटले. मात्र हा नियम सगळ्या वनस्पतींना लागू पडेना. २००९ मध्ये टोरेनिया या फुलझाडात नलिकेला बोलावणारी प्रथिने सापडली. ती बीजांडातल्या, अंडपेशीशेजारच्या सहाय्यक पेशी सोडतात. बाहेरून हाक मारण्याचा मान असा कॅल्शियमच्या हातून बराचसा गेला.

आतले काम मात्र त्याचेच. १९७५ मध्ये किरणोत्सारी कॅल्शियम वापरून ते लिलीच्या नलिकेच्या वाढत्या टोकाशी साठते, हे दिसले. नंतर कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या रंगद्रव्यांनी चित्र आणखी स्पष्ट केले. टोकाशी कॅल्शियम दाट, मागे विरळ, आणि टोकाचे प्रमाणही स्थिर नाही. काही सेकंदांच्या अंतराने चढते-उतरते. नलिकाही त्याच ठेक्यावर, कधी जलद तर कधी मंद, वाढते. गंमत अशी, की लिलीत वाढीची उसळी आधी येते, कॅल्शियमची काही सेकंदांनी. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, यावर बरीच वर्षे वाद चालला.

मग लक्ष दारांकडे, म्हणजे कॅल्शियमची पेशीत ये-जा करवणाऱ्या प्रथिनांकडे, वळले. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपात एसीए९ हा पंप पेशीतले कॅल्शियम बाहेर काढतो. २००४ मध्ये तो बिघडवून पाहिला, तेव्हा नलिका खुंटल्याच, पण बीजांडापर्यंत पोचलेल्यांपैकीही अनेकींनी पुंयुग्मके सोडली नाहीत. सीएनजीसी१८ ही कॅल्शियम आत घेणारी वाहिनी निकामी केल्यावर (२००७) नलिका आखूड आणि वेड्यावाकड्या झाल्या.

२०१४ मध्ये तर प्रत्यक्ष फलनच कॅल्शियमच्या खुणांनी टिपले गेले. नलिका जवळ येताच सहाय्यक पेशींत कॅल्शियमचे ठोके पडतात. नलिका फुटते त्या क्षणी अंडपेशीत एक छोटी उसळी येते, आणि पुंयुग्मक अंडपेशीशी एकरूप होताना दुसरी, जास्त वेळ टिकणारी.