चरबीच्या पेशीचा हमाल दारापर्यंत येत नाही तेव्हा

गर्भारपणी साखर वाढल्याचं कळलं, की कोल्हापुरात पहिला सल्ला येतो, "साखर बंद कर, गूळ खाल्लेला चालतोय की." गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, रक्तातली साखर तोही वाढवतो. मला जास्त लागतो तो मागून येणारा शेरा: "गोडच फार खात होती पोरगी." बिघाडाची एक मोठी जागा तिच्या ताटात नसते, चरबीच्या पेशीत असते.

मार्केट यार्डातलं गुळाचं गोदाम आठवा. गाडी लागली की हाक जाते, हमाल दाराशी येतात, रवे आत जातात. पेशीच्या बाबतीत इन्सुलिन ही ती हाक. ती आत पोचवायला आयआरएस-१ नावाचं प्रथिन मदत करतं. मग पेशीच्या आत थांबलेलं ग्लुट-४ नावाचं प्रथिन, म्हणजे आपला हमाल, पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोज आत घेतं.

गर्भारपणात वारेची संप्रेरकं ही हाक मुद्दामच मंद करतात, बाळाला ग्लुकोज मिळावं म्हणून. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा प्रभाव जवळपास निम्म्यावर येतो. बहुतेकींचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवून निभावतं. ज्यांचं कमी पडतं, त्यांना मधुमेह होतो.

सिझेरियनच्या वेळी अशा मातांच्या चरबीचे नमुने तपासले, तेव्हा आयआरएस-१ कमी आढळलं. काहींत ग्लुट-४ सुद्धा घटलेलं होतं. काहींत मात्र ते पुरेसं होतं, पण दाराशी येतच नव्हतं! शिवाय चरबी नुसतं कोठार नाही. तीही संप्रेरकं सोडते. इन्सुलिनला साथ देणारं अ‍ॅडिपोनेक्टिन या मातांत कमी असतं. साठा नीट न धरल्यानं मेदाम्लं रक्तात उतरतात आणि स्नायूही हाकेला दाद देईनासे होतात.

ग्लुकोज वार ओलांडतं, आईचं इन्सुलिन ओलांडत नाही. म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगानं भरतं.

आपल्याकडची सरकारी तपासणी सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, २ तासांनी रक्त द्यायचं, १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं तर मधुमेह. उपाशी राहायची गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा, आणि ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, पण पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका राहतो. ६ आठवड्यांनी बाळाला लशीला नेता ना? त्याच सकाळी आईचंही रक्त तपासून घ्या.