डबा भरण्याआधी निमित्त सांगा

नमस्कार,

आमच्याकडे कोरियन पदार्थ घ्यायला हल्ली बरीच मराठी मंडळी येतात. कुणाचे साहेब कोरियन असतात, कुणाच्या इमारतीत कोरियन कुटुंब राहायला आलेलं असतं. ‘भेट म्हणून काय नेऊ?’ असं कुणी विचारलं, की आम्ही आधी निमित्त विचारतो. त्याचं कारण या पत्रकात सांगत आहोत.

मागे एक ताई मियोक, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, घ्यायला आल्या. शेजारच्या कोरियन मुलाची परीक्षा होती आणि हे पौष्टिक असतं, असं त्यांनी ऐकलं होतं. पौष्टिक ते आहेच. कोरियात बाळंतिणीला मियोकगुक, म्हणजे या शेवाळाचं सूप, देतात आणि पुढे प्रत्येक वाढदिवसाला तेच सूप करतात. त्या घोटाबरोबर आईच्या कष्टांची आठवण होते. पण शेवाळ असतं बुळबुळीत, आणि ‘मियोकगुक खाल्लं’ याचा बोलीतला अर्थ परीक्षेत घसरला, नापास झाला! ताईंना आम्ही योत दिलं. हा तांदूळ आणि जवाच्या मोडांपासून केलेला चिकट गोड पदार्थ. कोरियन भाषेत ‘चिकटणे’ आणि ‘परीक्षा पास होणे’ यांसाठी उच्चाराने एकच क्रियापद आहे. आपण दही-साखर हातावर ठेवतो, तसंच हे.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. पात नावाचा बारीक लाल दाणा वाईट शक्तींना पळवतो, अशी समजूत आहे. म्हणून डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या दिवशी, दोंगजीला, त्याची पातजुक नावाची पेज करतात. जुन्या काळी ती दारा-भिंतींवरही शिंपडत. नव्या घरात राहायला गेलं की याच दाण्याचा थर दिलेला सिरुत्तोक शेजाऱ्यांना वाटतात. त्तोक म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला पदार्थ. पण पितरांच्या पूजेच्या ताटात लाल पात ठेवत नाहीत. भुतांबरोबर पितरही परत जायचे! त्यामुळे अशा प्रसंगासाठी त्तोक हवा असेल तर आम्हाला आवर्जून सांगा.

बाळाला शंभर दिवस झाले की बेक्सोल्गी नावाचा पांढराशुभ्र त्तोक करतात. तो शंभर घरी वाटला तर बाळाला आयुष्य लाभतं, असं म्हणतात. ज्यांच्या घरी तो येतो, ते भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात दोरा किंवा तांदूळ घालतात. रिकामं भांडं परत न देण्याची रीत आपल्याला वेगळी सांगायला नको.

नववर्षाला, सोल्लालला, त्तोकगुक असतं. लांब पांढऱ्या त्तोकच्या गोल चकत्या करून त्या रश्शात सोडतात. लांबी दीर्घायुष्याची, गोल चकत्या जुन्या नाण्यांसारख्या म्हणून पैशाच्या. ती वाटी संपली की वय एका वर्षाने वाढलं, असं मानतात. आठव्या चांद्र महिन्यातल्या पौर्णिमेला, छुसोकला, पाइनच्या सुयांवर उकडलेले सोंगप्योन नावाचे त्तोक करतात. त्यांचा आकार अर्धचंद्राचा, कारण अर्ध्या चंद्राला अजून वाढायचं असतं. आम्हाला हा अर्थ सगळ्यांत आवडतो.

लग्नाच्या शेवयांचं, म्हणजे गुक्सूचं, एवढंच सांगतो: आपण ‘लाडू कधी देताय?’ विचारतो, तिथे ‘गुक्सू कधी खायला घालणार?’ विचारतात.

शाकाहारी ग्राहकांनी लक्षात ठेवावं, की मियोकगुक आणि त्तोकगुक यांच्या रश्शात बहुधा गोमांस असतं. घरी करताना तिळाचं तेल, लसूण आणि सोया सॉस वापरून चव छान येते. मियोक भिजल्यावर खूप फुगतं, चौघांना लहान मूठभर पुरतं. साधा त्तोक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, कडक होतो. त्याच दिवशी खाणार नसाल तर फ्रीझरमध्ये ठेवा आणि खाताना वाफवून घ्या.

ताज्या त्तोकसाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, आणि सोबत निमित्तही.