चांद्रगाडीसाठी एक ब्रास कच

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोव्हरची, म्हणजे चंद्रावर चालवायच्या गाडीची, टीम जमली, की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सहा चाकं, दोन कॅमेरे आणि एक रोबोटिक हात उमटतो. घाई होते ती इथेच. गाडी तिथे जाऊन नेमकं काय मोजणार आणि किती दिवस जगणार, हे आधी ठरवावं लागतं.

दिवसांचंच घ्या. चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण 14 दिवसांचा, रात्रही तेवढीच. रात्रभर नुसता 5 वॉटचा हीटर चालवायचा म्हटलं तरी 336 तासांत 1,680 वॉट-तास लागतात. लिथियम बॅटरी किलोमागे साधारण 200 वॉट-तास देते. म्हणजे निव्वळ रात्र काढायला आठ किलोंच्या वर बॅटरी! चांद्रयान-3 चा रोव्हर प्रज्ञान अख्खा 26 किलोंचा होता. तो एकाच चांद्रदिवसासाठी बनवलेला होता, आणि सप्टेंबर 2023 मध्ये झोपवल्यावर उठला नाही, यात नवल काहीच नाही.

मग विजेचा ताळेबंद. समजा पॅनेल 50 वॉट देतं. त्यातले 30 टक्के राखीव ठेवले की हातात 35 उरतात. सहा मोटर 18, कॉम्प्युटर 6, कॅमेरा 3, मिळून 27. रेडिओचे 10 वाढवले की 37. म्हणून चालायचं तेव्हा बोलायचं नाही, बोलायचं तेव्हा थांबायचं. पॅनेल आडवं ठेवायची चूकही नेहमीची. चांद्रयान-3 उतरलं त्या 69 अंश दक्षिणेला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर येतो. आडव्या पॅनेलवर प्रकाश पडतो तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पॅनेल उभं करा.

वजनाचा तक्ता एकाच माणसाच्या ताब्यात द्यावा आणि त्याला नाही म्हणायचा हक्क द्यावा. मर्यादा 20 किलोंची असेल तर कागदावरची बेरीज 16 वर थांबली पाहिजे. वायर, कनेक्टर आणि स्क्रू तक्त्यात कुणीच धरत नाही, आणि शेवटी सगळं गणित त्यांच्यापायीच बिघडतं.

आता चाचणीची माती. नदीची वाळू आणू नका. गोदावरीच्या पाण्यात घासून तिचे कण गुळगुळीत झालेले असतात, तर चंद्रावर वारा-पाणी नसल्यामुळे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात. आपली काळी मातीही चालत नाही. ती बेसाल्टचीच, म्हणजे काळ्या दगडाचीच, पण पाण्याने कुजून चिकणमाती झालेली. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. योग्य माल मिळतो तो गावाबाहेरच्या स्टोन क्रशरवर. काळ्या दगडाची खडी पाडताना उरणारी कच नुकत्याच फुटलेल्या दगडाची, टोकदार कणांची असते. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच आहेत. दक्षिण ध्रुवाकडची जमीन वेगळ्या, फिकट खडकाची. इस्रोने त्यासाठी तमिळनाडूतला अ‍ॅनॉर्थोसाइट दळून वापरला. पण चाकाला रसायनाशी फारसं देणंघेणं नसतं, कणाचा आकार महत्त्वाचा.

चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, 35 सेंटिमीटर खोल हौद केला तर जवळपास एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, कच लागते. ती 1 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, तोंडाला मास्क बांधा, आणि ताडपत्री टाकल्याशिवाय ठेवू नका. पावसाळी दमटपणाने कच जराशी ओलावली तरी कण एकमेकांना धरतात, चाक झकास चालतं आणि टीमची फसगत होते. दर फेरीआधी फावड्याने उकरून फळीने सपाट करा. आधीच्या फेरीने दाबलेल्या कचेवर आलेला आकडा खोटा.

मोजायची ती घसरण. 15 सेंटिमीटर व्यासाचं चाक पाच वेळा फिरलं की गाडी 2.36 मीटर पुढे जायला हवी. ती 1.65 मीटरच गेली तर घसरण 30 टक्के. मग हौदाला 5, 10, 15 अंशांचा उतार देऊन गाडी चढावर घाला आणि आकडा कुठे एकदम उसळतो ते बघा. त्या पलीकडे चाक पुढे जात नाही, स्वतःचाच खड्डा खणतं. मंगळावर 2009 मध्ये नासाचा रोव्हर स्पिरिट असाच रुतला: वरची कडक पापडी फुटली, खाली भुसभुशीत माती निघाली, आणि तो बाहेर निघालाच नाही.

चंद्राचं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश. 12 किलोंच्या गाडीला कप्पीवरून 10 किलोंचं उलटं वजन टांगलं की चाकांवर 2 किलोंचा भार उरतो. तरी कचेचे कण पृथ्वीच्याच वजनाने दाबलेले राहतात, त्यामुळे हौदातला निकाल खऱ्यापेक्षा जरा गोड येतो. चढाची मर्यादा ठरवताना हात आखडता घ्या.

मोटरच्या कार्बन ब्रशची गंमत और. त्याला हवेतल्या दमटपणाचं वंगण लागतं; निर्वातात तो भराभर झिजतो. म्हणून ब्रशलेस मोटर घ्यावी. पंख्याचा तर विचारही नको, हवाच नाही. उष्णता धातूतून वाहून न्यायची आणि रेडिएटरवरून अवकाशात सोडायची. तो रेडिएटर धुळीपासून जपावा लागतो. सोव्हिएत चांद्रगाडी लुनोखोद-2 ने 1973 मध्ये तब्बल 39 किलोमीटर मजल मारली. मग एका विवरात त्याचं उघडं झाकण भिंतीला घासून मातीने भरलं, ते मिटल्यावर माती रेडिएटरवर सांडली, आणि गाडी तापून बंद पडली. आपल्या हौदाशी ही चाचणी दहा मिनिटांची आहे: पॅनेलवर बारीक चाळणीने चमचाभर कच भुरभुरवा आणि अ‍ॅमीटरचा काटा किती उतरतो ते वहीत लिहा.