होमब्रू कम्प्युटिंग

होमब्रू कम्प्युटिंग म्हणजे तयार कम्प्युटर विकत न घेता चिप, रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर असे सुटे पार्ट जमवायचे आणि घरीच मशीन उभं करायचं. होमब्रू हा मूळचा घरी बनवलेल्या बिअरचा शब्द, हॅम रेडिओवाले (म्हणजे हौशी वायरलेसवाले) तो हाताने बनवलेल्या सेटसाठी वापरायचे आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत तो कम्प्युटरवाल्यांनी उचलला. या छंदाचा इतिहास कंपन्यांच्या कागदपत्रांपेक्षा मासिकांच्या पानांवर जास्त सापडतो, कारण इथे बनवणारा आणि लिहिणारा बरेचदा एकच माणूस असायचा. सर्किट छापून आलं की वाचक पार्ट जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापवून बसायचे, डायग्राममध्ये एक पिन जरी चुकीची पडली तरी लेखकाची चोरी लगेच पकडली जायची, त्यामुळे नुसत्या थापा मारून लिहिण्याची सोयच नव्हती.

सप्टेंबर १९७३ मध्ये रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या कव्हरवर डॉन लँकेस्टरचा टीव्ही टाइपरायटर आला. कीबोर्डवर दाबलेलं अक्षर घरच्या टीव्हीवर दिसायचं, ३२ अक्षरांच्या १६ ओळी, बस एवढंच. आज हसू येईल, पण तोवर घरच्या टीव्हीवर काय दिसणार ते बहुतेक टीव्ही स्टेशनच ठरवायचं. मग जुलै १९७४ मध्ये त्याच मासिकात जोनाथन टायटसचा मार्क-८ कम्प्युटर, इंटेलच्या ८००८ चिपवरचा. त्याची पुस्तिका मागवायची आणि बाकी शोधाशोध आपली आपण करायची.

खरा धमाका जानेवारी १९७५ चा. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या कव्हरवर अल्टेअर ८८०० हा कम्प्युटर झळकला, अल्बुकर्कच्या एमआयटीएस कंपनीचा, किटची किंमत ३९७ डॉलर. गंमत म्हणजे कव्हरवरचा तो डबा रिकामा होता, खरं मशीन मासिकाकडे पाठवताना वाटेतच हरवलं म्हणून घाईघाईत खोका सजवून फोटो काढला. साध्या किटमध्ये मेमरी २५६ बाइट. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, पुढच्या पॅनेलवर स्विच आणि लाल दिवे. एक बाइट टाकायचा म्हणजे आठ स्विच वर-खाली लावायचे, डिपॉझिटचा खटका दाबायचा, दिवे बघून खात्री करायची, मग पुढचा बाइट, असं प्रोग्रॅम संपेपर्यंत. लाइट गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. तरी ऑर्डरी इतक्या आल्या की कंपनीला पुरवता पुरवता नाकी नऊ आले. (कंपनीचा मालक एड रॉबर्ट्स पुढे हे सगळं सोडून मेडिकलला गेला आणि जॉर्जियातल्या छोट्या गावात डॉक्टरकी करत बसला, हे मला त्याच्या मशीनइतकंच भारी वाटतं.)

५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेनलो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये होमब्रू कम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. पुढच्या महिन्यात स्टीव्ह डॉम्पिअर आपला अल्टेअर घेऊन आला, स्विच लावलावून प्रोग्रॅम भरला, तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि मेमरी साफ. बिचाऱ्याने परत सगळं भरलं, मशीनवर एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला आणि रेडिओतून चक्क बीटल्सचं गाणं वाजायला लागलं! मशीनमधून निघणारा विजेचा गोंगाट रेडिओ पकडत होता, याने फक्त तो सुरात बसवला. याच क्लबमध्ये पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाकने आपल्या ॲपल-१ चे डायग्राम फुकट वाटले, १९७६ मध्ये तोच बोर्ड ६६६.६६ डॉलरला विकायला आला.

नुसत्या लिहिण्यावर करिअर उभं करणारेही यातच निघाले. फॉरेस्ट मिम्स हा एमआयटीएसच्या संस्थापकांपैकी एक, अल्टेअरचं मॅन्युअल लिहून दिलं त्याबद्दल त्याला एक अल्टेअर मिळाला, पण धंद्यातून तो आधीच बाहेर पडला होता. रेडिओ शॅक या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या कंपनीसाठी १९८३ मध्ये त्याने काढलेलं पुस्तक छापील टाइपात नाहीच, पान न् पान हाताने लिहिलेलं आणि आकृत्याही हाताने काढलेल्या. दुसरा स्टीव्ह सिआर्सिया. बाइट मासिकात १९७७ पासून १९८८ पर्यंत सर्किट सेलर हा त्याचा कॉलम चालला, नाव घराच्या तळघरावरूनच. आवडती प्रोग्रॅमिंग भाषा कोणती तर सोल्डर, असं म्हणणारा हा माणूस.

आपल्याकडे हा छंद म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली. चिपचा नंबर कागदावर लिहून दुकानं पालथी घालायची, नाहीच मिळाली तर जुन्या बाजारातला भंगार बोर्ड घेऊन त्यातली काढायची.

आता नवीन बनवण्याइतकंच जुनं जिवंत करण्याचं वेड आहे. ३०-४० वर्षं बंद पडलेलं मशीन थेट प्लगला लावायचं नसतं, पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून कमजोर झालेले असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर फुटतात. म्हणून आधी सिरीज बल्ब (मशीनच्या वायरीत मध्येच जोडलेला बल्ब) लावायचा, डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवायचं, बल्ब भक्कन पेटला की समजायचं कुठेतरी शॉर्ट आहे.

या कामात सध्या केन शिरिफचं नाव घ्यावंच लागतं. जुन्या चिप उघडून मायक्रोस्कोपखाली फोटो काढतो, एकेक ट्रान्झिस्टर ओळखतो आणि सगळं लिहून ठेवतो, झेरॉक्स कंपनीचा आल्टो हा जुना कम्प्युटर आणि अपोलो यानातला गायडन्स कम्प्युटर चालू करणाऱ्या टीममध्येही तो होता. २०१५ मध्ये त्याने माउंटन व्ह्यूच्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममधल्या आयबीएम १४०१ वर, म्हणजे १९५९ साली आलेल्या मॉडेलवर, पंच कार्डांनी (भोकं पाडून माहिती भरायच्या कार्डांनी) बिटकॉइनचं मायनिंग, म्हणजे गणितं करून नवीन बिटकॉइन मिळवण्याचं काम, करून बघितलं. एका हॅशला, म्हणजे मायनिंगमध्ये पुन्हापुन्हा करायच्या एका गणिताला, ८० सेकंद लागले. त्याच्या आदल्या वर्षी हेच गणित त्याने कागद-पेन्सिलीवर केलं होतं, तेव्हा हिशोब निघाला दिवसाला ०.६७ हॅश.