वावरावरून गेलेली लाइन आणि ‘रेडिएशन’ हा शब्द

पऱ्हाटीच्या वावरावरून 765 केव्हीची, म्हणजे 7 लाख 65 हजार व्होल्टची लाइन गेली असेल, तर तिच्याखालच्या तारेच्या कुंपणाला हात लागताच मुंग्या येतात. पायात चप्पल नसेल तर जास्तच. गावात याला ‘रेडिएशन’ म्हणतात. मोबाइल टॉवरचं तेही रेडिएशन, एक्स-रेचं तेही रेडिएशन.

विदर्भातली वीजकेंद्रं म्हणजे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि पुढे तिरोडा. वीज इथे तयार होते आणि मोठी मागणी पश्चिमेला, म्हणून लायनी आमच्याच धुऱ्यांवरून गेल्या. चंद्रपूर ते पडघे ही 500 केव्हीची डीसी लाइन नव्वदच्या दशकाअखेरची. 765 च्या लायनी गेल्या दशकातल्या.

आरोग्याचा प्रश्न त्याहून जुना. 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये विजेच्या तारांजवळची घरं आणि मुलांमधला रक्ताचा कर्करोग यांचा संबंध मांडला गेला. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ‘2बी’ गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाचं कारण असू शकेल, पण पुरावा मर्यादित. 2011 मध्ये मोबाइलच्या रेडिओलहरीही त्याच गटात गेल्या. आपल्याकडे दोन्ही बातम्या ‘किरणोत्सर्ग’ या एकाच शब्दात पोचल्या आणि खरा घोळ तिथे झाला. किरणोत्सर्ग म्हटलं की अणुभट्टी आठवते. लाइनमधल्या 50 हर्ट्झच्या विजेची तरंगलांबी 6000 किलोमीटर, 900 मेगाहर्ट्झच्या टॉवरची जेमतेम 33 सेंटीमीटर. टॉवर लहरी दूरवर फेकतो. लाइनभोवती क्षेत्र असतं, ते दूर जावं तसं झपाट्याने विरतं. एक्स-रेसारखं अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याचं बळ दोन्हींत नाही.

मर्यादांचा इतिहास तर उलटसुलट आहे. 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी सामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा 1998 मध्ये 100 मायक्रोटेस्ला होती. 2010 मध्ये ती 200 झाली, कारण शरीरात विद्युतक्षेत्र किती निर्माण होतं याचे हिशेब सुधारले. भारताने टॉवरसाठी मात्र 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा एकदशांशावर आणली: 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 4.5 वॅटऐवजी 0.45. दोन वर्षांत एक आकडा दुप्पट, दुसरा एकदशांश. आधीची मर्यादा सुरक्षित होती तर कमी का केली, आणि नव्हती तर इतकी वर्षं का चालवली, हे दोन्ही प्रश्न तेव्हा विचारले गेले. खबरदारी म्हणून ती कपात मला योग्य वाटते. पण ती टॉवरपुरती होती. ‘सरकारनं रेडिएशन कमी केलं’ असं ऐकून लाइनखाली वावर असलेला माणूस निर्धास्त झाला, त्याच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

आणि त्याच्या हाताला येणाऱ्या मुंग्या या दोन्ही आकड्यांत बसतच नाहीत. त्या विद्युतक्षेत्राच्या, त्याची मर्यादा मीटरला 5 किलोव्होल्ट, ती 1998 आणि 2010, दोन्ही वेळा तीच राहिली. 2002 च्या ‘2बी’ गटातही विद्युतक्षेत्र नव्हतं. लाइनवर भार किती यावर चुंबकीय क्षेत्र ठरतं, विद्युतक्षेत्र दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर. म्हणून रात्री भार उतरला तरी कुंपण झिणझिणतं. लाकडी खुंटांवरची तार, रबरी चाकांवरचा ट्रॅक्टर जमिनीपासून तुटलेले असतात, क्षेत्रात त्यांच्यावर दाब चढतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून तो जमिनीकडे वाट काढतो. उपाय अर्थिंगचा आहे: कुंपणाला ठिकठिकाणी जमिनीत लोखंडी सळई ठोकून जोडणी. आमच्या भागात लाइन उभी राहताना लाइनच्या टॉवरखालच्या जागेच्या मोबदल्यावर महिनोन्‌महिने बोलणी झाली, या सळईबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या कुंपणाला मात्र हा उपाय चालत नाही. त्याची झटक्याची तार अर्थ केली तर झटकाच मरतो. म्हणून ती लाइनखाली समांतर लांबवर नेऊ नये, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.