संत्र्याची बाग जंगलात, झुडपी जंगल बाहेर

काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग देशाच्या जंगलमोजणीत जंगल म्हणून धरली जाऊ शकते, हे नागपुरात कोणाला सांगितलं तर लोक हसतात, पण खरं आहे. फॉरेस्ट सर्वे ऑफ इंडियाची व्याख्याच तशी आहे, जागा किमान १ हेक्टर म्हणजे अडीच एकर हवी आणि वरून बघितल्यावर तिचा निदान १० टक्के भाग झाडांनी झाकलेला दिसला पाहिजे. जमीन कोणाची, झाड कोणतं, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, याच्याशी काही घेणंदेणं नाही. आता हिशोब करा नं, ६ बाय ६ मीटरवर कलमं लावली तर हेक्टरी पावणेतीनशेच्या आसपास झाडं बसतात, एकेका झाडाच्या पसाऱ्याचा व्यास ४ मीटर धरला तर ३० टक्क्यांच्या वर जमीन झाकली जाते. बाग आरामात पास!

मोजणी होते सॅटेलाइटवरून. लिस-३ कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेतेवीस मीटर बाजूचा चौकोन. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोघांतल्या फरकावरून हिरवळ किती दाट ते कळतं, पण ते पान सागाचं की संत्र्याचं हे एवढ्या मोठ्या ठिपक्यातून ओळखणं कठीणच.

याच्या बरोब्बर उलटी गत झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भातल्या ६ जिल्ह्यांत महसूल खात्याच्या जुन्या नोंदींमध्ये ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या जमिनी आहेत, मुरमाड, उथळ मातीच्या, बोर-हिवरसारखी खुरटी झाडं असलेल्या. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही वनजमीनच आहे, मामला जवळपास ८६ हजार हेक्टरचा. पण यातल्या ज्या तुकड्यावर झाडोरा १० टक्क्यांच्या खाली आहे तो सॅटेलाइटच्या हिशोबात ‘स्क्रब’, म्हणजे जंगलाच्या टक्क्यात धरतच नाही. कायद्याने जंगल, नकाशात नाही. तितर-लावे, कोल्हे, ससे अशाच उघड्या जागेत राहतात, गावची गुरं इथेच चरतात.

मला वाटतं खरी गडबड पुढे आहे. १९८८ च्या वननीतीत देशाचा एक तृतीयांश भाग झाडाखाली आणायचं ठरलं, फॉरेस्ट सर्वेच्या २०२३ च्या अहवालात जंगलाचा आकडा २१.७६ टक्के. तो वाढवायचा सोपा रस्ता कोणता, तर झुडपीत खड्डे करून दाट झाडं लावून टाका. टक्का चढेल, तितर जातील, आणि कागदावर त्यालाच प्रगती म्हणतील.

त्यात २०२२ ला मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जगाने वेगळंच टार्गेट घेतलं, २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करायचा. इथे हिरवळ नाही, हद्द मोजतात, आपलं पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला याच खात्यात येतात. देशातली अभयारण्यं-राष्ट्रीय उद्यानं सगळी मिळून ५ टक्क्यांच्या आसपास. हद्दीच्या आत काय जगून राहिलं हे तिसरंच मोजमाप, त्यासाठी पेंचसारखे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावावे लागतात, आणि झुडपीत ते सहसा कोणी लावत नाही कारण तिथे वाघ शोधायला कोणी जात नाही.

पुढचा वन अहवाल आला की ‘जंगल वाढलं’ हे हेडिंग वाचून थांबू नका, जिल्ह्याचा तक्ता उघडा, त्यात दाट, मध्यम, विरळ असे वेगवेगळे कॉलम असतात आणि शेवटाकडे स्क्रबचाही असतो. नागपूरच्या ओळीत विरळ वाढलं आणि स्क्रब घटलं असेल तर ते कुठे झालं, हे विचारा.