साल कोणत्या अशोकाची?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुंपणाला लागून अशोकाची रांग आहे. बिल्डरनेच लावलेली, सरळसोट, जागा न अडवणारी. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, तू फार्मसी कॉलेजात शिकवतेस ना? भाचीला पाळीचा फार त्रास होतोय. अशोकाच्या सालीचा काढा चांगला म्हणतात. आपल्याकडे एवढी झाडं आहेत, तर बाजारात कशाला जायचं? माळ्याला सांगून थोडी साल काढून घेऊ का?"

काकूंचं अर्धं म्हणणं खरं होतं. पाळीच्या तक्रारींवर आयुर्वेदात अशोकाची साल वापरतात आणि अशोकारिष्टही तिचंच. फक्त कुंपणावरचा अशोक तो अशोक नव्हे.

औषधातला अशोक म्हणजे सीता अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, फुलांचे नारिंगी-लाल गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर आणि फळ म्हणजे चपटी शेंग, कारण झाड शेंगांच्या कुळातलं. सोसायटीतला अशोक म्हणजे पॉलीअल्थिया. लांब, कडेला लाटा असलेली पानं, पानांत लपणारी हिरवट फुलं आणि वटवाघळं ज्यांचा रात्री फडशा पाडतात ती जांभळट फळं. गंमत म्हणजे हा खोटा अशोक सीताफळाच्या कुळातला आहे. सीता अशोकाचा सीताफळाशी काही संबंध नाही, आणि ज्याचा आहे त्याच्या नावात सीता नाही!

काकू हसल्या, पण बाजारात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सीता अशोक जंगलातून इतका कमी झालाय की धोक्यातल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे, आणि सालीची मागणी मात्र कायम. मग पोत्यात दुसऱ्या झाडांची साल येते. वाळलेल्या सालीला ना पान असतं ना फूल. अशा वेळी ती ओळखायची कशी, हाच आमचा विषय. बी. फार्मच्या चौथ्या सेमिस्टरला मुलं तो पहिल्यांदा शिकतात. त्याचं नाव फार्माकोग्नोसी, म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख. मुलांना तो पाठांतराचा आणि कंटाळवाणा वाटतो. मलाही त्यांच्या वयात वाटायचा.

माझं मत बदललं ते करोनाच्या काळात, गुळवेलीमुळे.

त्या दिवसांत वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारी माणसं कोयती घेऊन जाताना मी पाहिली आहेत. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून रोज गुळवेलीचा काढा, महिनोन्‌महिने. त्यातही जाणकारांचा आग्रह 'निंबावरचीच हवी' असा. टेकडीवर कडुनिंब कमी आणि वनखात्याने लावलेला ग्लिरिसिडिया जास्त. या ग्लिरिसिडियाचं मराठी नाव उंदीरमारी. आधाराच्या झाडाचे गुण वेलीत उतरतात असं मानायचं, तर उंदीरमारीवरच्या वेलीचं काय करायचं, हा प्रश्न मी एका आजोबांना विचारून पाहिला. त्यांना तो आवडला नाही. खरं तर गुळवेल बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही. तिची मुळं जमिनीत असतात, झाड फक्त खांद्यापुरतं.

मग 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. पुढे देशातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांची नोंद आली. डॉक्टरांचं अनुमान असं की ज्यांच्यात स्वतःच्याच यकृतावर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती आधीच दबा धरून होती, त्यांच्यात गुळवेलीने ती चेतवली असावी. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, लोकांनी खऱ्या गुळवेलीऐवजी तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली असेल. वाद अजून चालू आहे.

मला त्यात एक गोष्ट खटकली. माणूस आजारी पडेपर्यंत काढा पिऊन झालेला असतो आणि चोथा कचऱ्यात गेलेला असतो. वेल कोणती होती हे मग सांगायचं कुणी?

ओळखायची म्हटली तर अवघड नाही, पण नजर लागते. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात. आपल्या गुळवेलीवरही बारीक पांढरट ठिपके असतात, त्यामुळे नवखा फसतो. तिसरी एक बहीण आहे, तिच्या पानांच्या मागे लव असते. तिघींचीही पानं बदामाच्या आकाराची. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत एवढंच दिसतं.

जुन्या लोकांनी ही अडचण ओळखली होती. संस्कृतात गुळवेलीला चक्रलक्षणिका म्हणतात, कारण खोड आडवं कापलं की गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. दुसरं नाव छिन्नरुहा: तुकडा तोडून टांगून ठेवला तरी त्याला फुटवे येतात. आमच्या प्रॅक्टिकलला गुळवेलीच्या खोडाचा पातळ काप घेऊन काचपट्टीवर ठेवला, की सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा दिसतं ते हेच चाक. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की काष्ठमय भाग गुलाबी-लाल होतो आणि आरे आणखी उठून दिसतात.

नावाच्या घोळाची सगळ्यात वाईट गोष्ट मात्र इथली नाही, ब्रुसेल्सची आहे. 1990 च्या सुमारास तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करायला चिनी वनस्पतींचं मिश्रण देत. त्यात हवी होती स्टेफानिया, जी योगायोगाने गुळवेलीच्याच कुळातली. चिनी भाषेत तिचं नाव 'फांग जी'. 'ग्वांग फांग जी' नावाची दुसरी एक वनस्पती आहे, अॅरिस्टोलोकिया. मिश्रणात तीच गेली. शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिच्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल कर्करोग घडवतं हे आता निःसंशय मानलं जातं. या अॅरिस्टोलोकियाची एक जात आपल्याकडेही वाढते, तिला सापसंद म्हणतात.

दरवर्षी मुलांना मी एक काम देते. घरी जाताना जिथून जमेल तिथून ब्राह्मी आणा. कुणी मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणतं, कुणी नर्सरीतून कुंडी, कुणी आजीच्या गॅलरीतली. सगळं टेबलावर मांडलं की दोन वेगळ्या वनस्पती निघतात. एक गोल पानांची, लांब देठाची, जमिनीलगत पसरणारी. ती सेंटेला, म्हणजे ग्रंथातली मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरी जाड, रसरशीत, इवल्या पानांची बॅकोपा, इसबगोलाच्या कुळातली. महाराष्ट्रात बहुतेक घरांत ब्राह्मी म्हणजे गोल पानांचीच. दोन्ही स्मरणशक्तीसाठी सांगतात, पण दोघींतली रसायनं वेगळी. "मग खरी कुठली, मॅडम?" हा प्रश्न ठरलेला. दोन्ही खऱ्या. तुमच्या बाटलीत कुठली आहे, ते बाटलीवर वाचा.

बाटलीवर ते असायलाच हवं. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकांची शास्त्रीय नावं, वनस्पतीचा कोणता भाग वापरला आणि किती, हे छापणं बंधनकारक आहे. अक्षर इतकं बारीक असतं की वाचायला मुलांना भिंग द्यावं लागतं, पण असतं. सुट्या काष्ठौषधींच्या पुडीवर मात्र काहीच नसतं.

पूड झाली की आणखी पंचाईत. तिथे आमच्याकडे एक जुनी, मला फार आवडणारी युक्ती आहे. लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू आकाराने अगदी सारखे असतात आणि एका मिलिग्रॅममध्ये सुमारे 94,000 भरतात. तांदळाच्या पोत्यात खडे किती आहेत हे सगळं पोतं न निवडता शोधायचं, तर त्यात मोजून राजमा मिसळायचा आणि प्रत्येक मुठीत राजम्यामागे खडे किती येतात ते बघायचं, तसंच हे. पुडीत वजन करून बीजाणू मिसळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आणि त्या वनस्पतीचे ओळखीचे कण मोजायचे. गुणोत्तरावरून पुडीत अस्सल माल किती आणि भेसळ किती हे निघतं. आता मिश्रणातली रसायनं वेगवेगळी करून दाखवणारी क्रोमॅटोग्राफी आहे, डीएनएची तपासणीही आहे. पण उकळलेल्या काढ्यात डीएनए धड उरत नाही, आणि राजम्याला वीज लागत नाही.

'वनस्पती आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य मी मुलांना वर्गात म्हणू देत नाही. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सीन अडुळशातल्या व्हासिसीनवरून घडवलेलं आहे. म्हणजे अडुळशाचा परिणाम होतो म्हणूनच ते घडलं. तेच व्हासिसीन गर्भाशयाचं आकुंचनही वाढवतं, म्हणून गरोदरपणी अडुळशाशी परस्पर खेळू नये. ज्येष्ठमध जास्त दिवस चघळला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने हे डॉक्टरांना सांगायला हवं. पण लोक डॉक्टरांना गोळ्या सांगतात, काढा सांगत नाहीत.

काढा घेणाऱ्यांना मी थांबवायला जात नाही. एवढंच सांगते, की पानासकट एक तुकडा वर्तमानपत्रात दाबून, तारीख घालून ठेवा. काही त्रास झालाच तर कळवायला औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीचा फोन आहे, 1800-180-3024, पैसे पडत नाहीत.

काकूंनी शेवटी मंडईतून साल आणली आणि काढा करण्याआधी मला दाखवायला वर आल्या. मी नुसती बघून सांगू शकले नाही, हे कबूल केलं. भाची दरम्यान डॉक्टरांकडे गेली, तपासणीत थायरॉइड निघालं, गोळी सुरू झाली. साल अजून माझ्या खणात आहे. पुढच्या सत्रात ती 'अज्ञात नमुना क्रमांक 4' होणार आहे.